बिनकुलपाचे दुकान

दिवाळीला महिना उरला, की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक भाजणीचा वास आणि दुसरी कुरबूर. भाजणी आमची सौ. भाजते, कुरबूर मी ओढवून घेतो. गेल्या दिवाळीत मात्र या दोहोंच्या मध्ये एक तिसरीच गोष्ट येऊन बसली. ती म्हणजे ७७७ हा आकडा. या आकड्याने आमचे दुकान एका रात्रीत उघडले आणि पुढच्या बारा दिवसांत आठ घरांची झोप उडवली. तीच हकीकत आज सांगणार आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी एखादा हुशार भाचा, पुतण्या किंवा जावई संगणकावर काही उभारून देण्याच्या तयारीत असेल, त्यांनी ती जरा लक्ष देऊन वाचावी.

आमचे घर सावेडीत. शहराचे नाव २०२४ सालापासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, आणि पत्ता लिहिताना मी ते काळजीपूर्वक लिहितो. पण जिभेला जन्माची सवय आहे, बोलताना ती ‘नगर’च म्हणते. मी तहसील कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी केली. त्यातली अर्धी वर्षे रेकॉर्डात, म्हणजे जुन्या दप्तरांच्या खोलीत, गेली. धूळ, वाळवी आणि लाल फडकी यांच्या सहवासात माणसाला दुसरे काही येवो न येवो, एक गोष्ट पक्की कळते : कोणत्या कागदाला कोणी हात लावायचा आणि कोणी लावायचा नाही. हे ज्ञान सेवानिवृत्तीनंतर कधी उपयोगी पडेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

आमच्या सौ.ने तीन वर्षांपूर्वी आसपासच्या सात जणींना जमवून दिवाळीच्या फराळाचा एक उद्योग सुरू केला. अन्नसुरक्षेची नोंदणी काढली, वजनकाटा घेतला, दाळमंडईतल्या दुकानदाराशी डाळी-पोह्यांचा भाव ठरवला. गेल्या वर्षी प्रत्येकीने पाच हजार रुपये घातले. आठ जणींचे चाळीस हजार. ऐकायला रक्कम मोठी नाही. पण त्यातल्या एकीने ते भिशीतून उचलले होते आणि दुसरीने नवऱ्याला न सांगता साठवलेल्या डब्यातून काढले होते. अशा पैशाचे वजन काट्यावर कळत नाही.

ओळखीपाळखीत विकून जो माल खपायचा तो खपत होता. पण पुण्या-मुंबईकडच्या आणि परदेशातल्या मुलाबाळांकडूनही विचारणा येऊ लागली. तेव्हा ठरले, की आपले स्वतःचे ऑनलाइन दुकान काढायचे. दुसऱ्याच्या मोठ्या बाजारात बसले तर तो दर डब्यामागे आपला वाटा कापून घेतो. आपली पडवी असली तर भाडे तेवढे द्यायचे.

हे काम माझ्या संगमनेरच्या बहिणीच्या मुलाने अंगावर घेतले. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, बुद्धीने चलाख, जेवायला मोकळा. “मामी, दोन तासांचं काम आहे,” असे तो म्हणाला. ‘दोन तासांचे काम’ हे शब्द ऐकले, की माझ्यासारख्या जुन्या कारकुनाच्या पोटात गोळा येतो. पण सौ.ने त्याच्यापुढे चकलीची बशी ठेवली आणि कामाला सुरुवात झाली.

त्याने सांगितलेली पहिली गोष्ट मला खरोखरच नवलाची वाटली. असली दुकाने उभी करण्याची प्रणाली चक्क फुकट मिळते! २००० साली जर्मनीत हाराल्ड पोन्स दे लिओन या गृहस्थाने ओएस-कॉमर्स नावाची प्रणाली तयार करायला घेतली आणि ती जगाला खुली करून दिली. २००३ साली तिच्यातूनच फुटून झेन कार्ट निघाली. पुढे फ्रान्समध्ये २००७ साली प्रेस्टाशॉप, अमेरिकेत २००८ साली मजेंटो, मग २०११ साली वूकॉमर्स, असे हे कुळ वाढत गेले. आमची प्रणाली याच कुळातली. प्रणाली फुकट, फक्त ती ठेवायला भाड्याचा संगणक, म्हणजे सर्व्हर, लागतो. एका कंपनीकडून भाच्याने तो वर्षाच्या कराराने घेतला. स्वस्तातला होता. स्वस्त का, तर तो संगणक आमच्या एकट्याचा नव्हता. एका वाड्यात जशी पुष्कळ बिऱ्हाडे, तशी त्या एका यंत्रात आमच्यासारखी किती तरी दुकाने.

फाइली चढवून झाल्या. भाच्याने मांडणीचा पहिला पडदा उघडला आणि पडद्यावर पाच लाल फुल्या उमटल्या. पाच ठिकाणांची नावे होती : दुकानाची मुख्य नोंद ठेवणारी एक फाइल, छायाचित्रांचा कप्पा आणि असेच आणखी तीन कप्पे. प्रत्येकापुढे एकच शेरा : इथे लिहिता येत नाही.

“अरे, फाइली आपल्याच ना?” मी विचारले.

“आपल्याच, मामा.”

“मग आपल्याच वहीत आपल्याला लिहिता येत नाही?”

“आपल्याला येतं. पण लिहिणारे आपण नाही, सर्व्हर आहे. त्याला परवानगी नाही.”

हे वाक्य मी दोनदा म्हणून पाहिले आणि मला एकदम आमची कचेरी दिसू लागली. वाचकांनाही ते त्याच वाटेने समजावून देतो.

सातबाऱ्याचा उतारा कोणीही पाहू शकतो. पण त्यात बदल व्हायचा असेल, तर आमच्या काळी तलाठ्याने फेरफाराची नोंद घ्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. पाहणारा कोणीही, लिहिणारा एक. सर्व्हरवरच्या फाइलींचे अगदी असेच असते. प्रत्येक फाइलीच्या कपाळावर तीन माणसांचे हक्क लिहिलेले असतात. पहिला मालक. दुसरा मालकाचा गट. म्हणजे भाऊबंद म्हणा. आणि तिसरे बाकीचे सगळे जग. प्रत्येकाला तीन हक्क मिळू शकतात : वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा.

ही व्यवस्था युनिक्स नावाच्या प्रणालीतून आली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. गंमत अशी, की ३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघालेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तकात मालक आणि परके असे दोनच वर्ग होते. भाऊबंदांची सोय मागाहून झाली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती आधीच सुचली असती!

वाचणे, लिहिणे आणि जाणे-येणे या गोष्टी निराळ्या कशा, हे नगरच्या माणसाला समजावे लागू नये. आमचा भुईकोट किल्ला डोळ्यांसमोर आहे. १९४२ च्या आंदोलनात काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी तिथे स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले. मौलाना आझाद तिथे आपल्या एका मित्राला पत्रांवर पत्रे लिहीत. पण ती बाहेर धाडण्याची मुभा नव्हती. सुटकेनंतर ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. लिहायला परवानगी, वेशीबाहेर जायला नाही. तीन हक्क तीन निराळ्या माणसांच्या हातांत असू शकतात, ते असे.

आता आकड्यांचे गणित. वाचण्याचे गुण ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १. हेच आकडे का? तर वाण्याच्या तागडीची वजने आठवा. १, २ आणि ४ किलो अशी तीनच वजने जवळ असली, तरी १ पासून ७ पर्यंत कोणताही तोल साधतो, आणि प्रत्येक तोल एकाच रीतीने साधतो. ६ म्हटले की वाचणे आणि लिहिणे. ५ म्हटले की वाचणे आणि चालवणे. ७ म्हणजे सगळेच. तीन माणसांचे तीन आकडे शेजारी मांडले, की झाला फाइलीचा हुकूम. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे, लिहावे. इतरांनी नुसते वाचावे. कप्प्यांना सहसा ७५५ लागते. कारण कप्प्याच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ आत पाऊल टाकणे असा होतो. तो एक गुण नसेल, तर कप्प्यातल्या फाइलीचा हुकूम कितीही उदार असो, तिच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. जुन्या काळी माळीवाडा वेस बंद असली म्हणजे आत वाड्याचे दार सताड उघडे असून काय उपयोग? वाटेतली प्रत्येक वेस उघडी हवी.

आमचे दुखणे काय होते, ते आता सहज कळेल. फाइली भाच्याने आमच्या खात्यातून चढवल्या, म्हणून मालक आम्ही. दुकानाची मांडणी मात्र सर्व्हरवरचा कार्यक्रम करणार, आणि तो स्वतःच्या निराळ्या नावाने वावरतो. तो ना मालक, ना भाऊबंद; म्हणून ‘बाकीचे जग’. ६४४ मधला शेवटचा ४ त्याच्या वाट्याला. वाचू शकतो, लिहू शकत नाही. म्हणून पाच लाल फुल्या.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. दोन तासांचे काम सहाव्या तासात शिरले होते. सौ. एकसारखी विचारत होती, “झालं का रे?” अखेर भाच्याने कुठे तरी वाचलेला उपाय केला. हुकूम बदलण्याची सीएच-मॉड नावाची आज्ञा असते. ती देऊन त्याने पाचही ठिकाणांना ७७७ करून टाकले. मालकाला सगळे, भाऊबंदांना सगळे, जगाला सगळे. पाच लाल फुल्यांच्या जागी पाच हिरव्या खुणा! दुकान उभे राहिले.

“मामा, सात-सात-सात म्हणजे आपलं शिंगणापूर!” भाचा हसत म्हणाला.

नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर नगरहून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. घरांना चौकट आहे, पण दार नाही, कुलूप नाही, ही त्या गावाची ख्याती. सौ.ने लगेच हात जोडले. म्हणाली, “तिथं चालतं ना? मग इथंही चालेल.” मला आत कुठे तरी टोचले, पण झोप आली होती. एकतीस वर्षे दप्तराच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस त्या रात्री दार उघडे टाकून झोपला. हा दोष भाच्याचा नाही, माझाही आहे; म्हणून तो आधीच लिहून टाकतो.

दुकान सुरेख चालले. भाजणीची चकली, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि बेसनाचे लाडू यांचा एक डबा. टपालासकट १४४० रुपये. पैसे देण्यासाठी आमच्या खात्याच्या चौकोनी खुणेचे, ज्याला क्यूआर म्हणतात त्याचे, चित्र दुकानात लावले होते. ‘पैशाचा मामला आहे’ म्हणून भाच्याने त्या चित्राच्या फाइलीला ४४४ असा कडक हुकूम लावला. सर्वांनी फक्त वाचायचे. मालकानेसुद्धा लिहायचे नाही. तेवढी खबरदारी पाहून मला बरे वाटले. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस डब्यांची मागणी आली. अनाऱशांचे तांदूळ भिजत पडले, सोऱ्या फिरू लागला, घराचा कारखाना झाला.

बाराव्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी सौम्य होता. “काकू, चार दिवस झाले पैसे पाठवून. डबा निघाला का?” सौ.ने वही पाहिली. नाव नव्हते. खाते पाहिले. पैसे नव्हते. संध्याकाळपर्यंत ठाण्याहून आणि नाशकाहून असेच दोन फोन आले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. सहा डबे, ८,६४० रुपये. सहाही जणांकडे पैसे दिल्याची पावती होती, आणि त्या पावतीवर भलत्याच कोणाचे तरी नाव होते.

भाचा रात्रीच्या एस.टी.ने धावत आला. दुकान उघडून पाहिले, तर क्यूआरचे चित्र जागच्या जागी, नाव तेच, आकार तोच. माझ्या फोनने ती खूण टिपली, तेव्हा मात्र परके नाव आले. कोणी तरी आमच्या गल्ल्यावर आपला डबा ठेवून गेले होते.

“पण हे शक्यच नाही, मामा!” पोरगा रडकुंडीला आला. “मी फाइलीला ४४४ केलं होतं. तिच्यात कोणालाच लिहिता येत नाही.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात रेकॉर्डाची खोली उघडली.

कचेरीत नवी नोंदवही आली, की पहिले काम काय असते ठाऊक आहे? प्रत्येक पानाला क्रमांक घालायचा आणि सुरुवातीला दाखला लिहायचा, की ‘या वहीत १ ते १०० पाने आहेत’. त्याखाली अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. नव्या कारकुनाला हा निव्वळ त्रास वाटतो. पण लबाडी करणारा पानावर खाडाखोड कधी करत नाही. खाडाखोड दिसते. तो पानच काढतो आणि त्या जागी दुसरे पान शिवतो. पानावर लिहायची बंदी पुरेशी नाही; वहीला हात लावायचीच बंदी पाहिजे.

“अरे,” मी म्हणालो, “पानाला कुलूप लावलंस, पण वहीचं काय? ज्या कप्प्यात हे चित्र आहे, त्याचा हुकूम किती?”

त्याने पाहिले. ७७७.

तिथेच उलगडा झाला. कप्प्यावर लिहिण्याचा हक्क म्हणजे त्यातल्या वस्तू काढण्याचा आणि नव्या ठेवण्याचा हक्क. आतल्या फाइलीचा हुकूम ४४४ असो की काही असो. ती खोडता येत नाही, पण उचलून फेकून देता येते आणि त्याच नावाची दुसरी तिथे ठेवता येते. भाच्याने फाइलींची तपशीलवार यादी काढली. चढवलेल्या सगळ्या चित्रांपुढे मालक म्हणून आमच्या खात्याचे नाव. या एका चित्रापुढे सर्व्हरच्या कार्यक्रमाचे नाव. पान दुसऱ्याच दोऱ्याने शिवलेले होते! त्याच कप्प्यात एक फाइल अशीही सापडली, की जी चित्र नव्हतीच. ती एक छोटी आज्ञावली होती. बाहेर बसून आत हवे ते करून घेण्यासाठी सोडलेला चोरदरवाजा.

सर्व्हरच्या कंपनीला विचारले. उत्तर आले, की आमच्या जुन्या योजनेत वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचे कार्यक्रम एकाच नावाने चालतात. म्हणजे शेजारच्या कोणाचे दुकान फुटले, तर चोर त्या नावाने आमच्याही ओसरीवर येऊ शकत होता, आणि ओसरीवर आम्ही ७७७ ची रांगोळी काढून ठेवली होती.

आता शिंगणापूरचे सांगतो. ते गाव दारांवाचून राहिले, कारण तिथे माणसे एकमेकांना ओळखत आली आणि देवाचा धाक सर्वांना सारखा होता. तरीसुद्धा २०११ साली युको बँकेने तिथे ‘बिनकुलपाची’ शाखा काढली, तेव्हा काचेच्या दारामागे दुरून चालणारे विजेचे चुंबकीय कुलूप बसवलेच; गावाच्या श्रद्धेला बाध येऊ नये म्हणून ते डोळ्यांत न भरेल असे ठेवले, एवढेच. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. जिथे सारी बिऱ्हाडे एकमेकांना अनोळखी, तिथे शिंगणापूरचा दाखला देणे ही श्रद्धा नव्हे. तो आळस झाला.

त्या रात्री आठही जणी आमच्या ओटीवर बसल्या. मी कचेरीत पुष्कळ चौकश्या पाहिल्या आहेत, पण इतकी अवघड नाही. भाचा खाली मान घालून उभा. म्हणाला, “मी शिकवण्या घेऊन पैसे फेडीन.” भिशीतून पैसे उचललेल्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, “बाळा, तुझे पैसे नकोत. पण त्या सहा घरांत दिवाळीला डबा गेला नाही, तर पुढच्या वर्षी आपल्या दारात कोण येईल? त्यांनी आपल्या दुकानावर विश्वासून पैसे दिले. चोराला दिले नाहीत.” कोणी मत मागितले नाही, कोणी हात वर केले नाहीत. सहा डबे जास्त भरायचे, हे ठरून गेले. आठ जणींच्या वाट्याला एक हजार ऐंशी रुपयांची झीज आली. सौ.ने आपल्या वाट्यात माझे नाव परस्पर लिहिले. मी हरकत घेतली नाही.

फसवणूक झाल्यावर करायचे पहिले काम म्हणजे १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक. पैसे ज्यांच्या खात्यातून गेले, त्यांनीच ती करायची असते. म्हणून आम्ही सहाही जणांना फोन करून खरे काय ते सांगितले आणि तक्रार नोंदवायला लावली. आपल्या दुकानाची चूक आपल्या तोंडाने गिऱ्हाईकाला सांगणे कठीण असते. पण सहापैकी एकानेही आवाज चढवला नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

दुकानाची दुरुस्ती भाच्याने दोन दिवस घेऊन केली. या वेळी ‘दोन तास’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्याने काय केले, ते क्रमाने सांगतो.

जुने सारे उतरवून प्रणाली मूळ ठिकाणाहून पुन्हा कोरी आणली. कारण चोर एकदा घरात फिरून गेला, की त्याने कुठे काय ठेवले याचा भरवसा नसतो. सगळे परवलीचे शब्द बदलले. कंपनीच्या नव्या योजनेत दुकान हलवले, जिथे प्रत्येक बिऱ्हाडाचा कार्यक्रम त्याच्या स्वतःच्या नावाने चालतो. हा खरा उपाय. लिहिणारा आणि मालक एकच झाल्यावर जगाला लिहिण्याचा हक्क देण्याची गरजच संपली. मग सगळ्या कप्प्यांना ७५५, सगळ्या फाइलींना ६४४. ज्या मुख्य फाइलीत खात्यांचे परवलीचे शब्द असतात, तिला ६००, म्हणजे मालकाखेरीज कोणी पाहूसुद्धा नये. चित्रांना मात्र ६४४ च हवे. कारण ती गिऱ्हाईकाला दाखवण्याचे काम सर्व्हरचा सामाईक द्वारपाल करतो, आणि त्याला वाचता आले पाहिजे.

जिथे कार्यक्रमाचे नाव आणि मालकाचे नाव एक करता येत नाही, तिथे भाऊबंदांचा वर्ग कामाला येतो. मागाहून आलेली ती सोय याचसाठी. सर्व्हरच्या कार्यक्रमाचा गट त्या कप्प्याला लावायचा आणि ७७५ करायचे. तेही फक्त जिथे लिहिणे अटळ आहे अशा दोन-चार कप्प्यांना, साऱ्या दुकानाला नव्हे. बाकी जग बाहेरच.

छायाचित्रांच्या कप्प्यात कोणतीही आज्ञावली चालणार नाही, असा निराळा नियम घातला. चित्रांच्या खोलीत चित्रेच राहतील. तिथे कोणी स्वयंपाक मांडायचा नाही. मांडणीसाठी आलेला कप्पा काम झाल्यावर पुसून टाकला. घर बांधून झाल्यावर गवंड्याची शिडी भिंतीला लावून ठेवत नाहीत, तसेच हे. आणि शेवटचे म्हणजे, प्रणालीच्या नव्या दुरुस्त्या निघतील तशा चढवायच्या. कारण आपल्याच दुकानाच्या भिंतीला भोक पडले, तर चोर आपल्याच नावाने आत वावरेल; मग ६४४ आणि ७५५ त्याला अडवू शकणार नाहीत. परवानगी हे दार आहे, भिंत नव्हे. दोन्ही लागतात.

मीही एक सुधारणा सुचवली आणि ती मान्य झाली, याचा मला अजून अभिमान वाटतो. रोज सकाळी सौ. चहाच्या आधी दुकान उघडते, क्यूआरची खूण आपल्या फोनने टिपते आणि आपलेच नाव आले, की वहीत तारीख घालून सही करते. ‘१ ते १०० पाने आहेत’ या दाखल्याचेच हे घरगुती रूप.

दिवाळीपर्यंत एकशे अठरा डबे गेले. त्यांत ते सहाही आले. पाडव्याच्या संध्याकाळी हिशेब झाला. भांडवल बाजूला काढून आणि झीज वजा करूनही प्रत्येकीच्या हातावर सहा हजारांवर रक्कम पडली. भिशीचा हप्ता फिटला. डब्यातले पैसे नवऱ्याला न कळता डब्यात परत गेले, असे समजते. या लेखाने ते गुपित फुटणार नाही अशी आशा आहे.

यंदा आषाढात एक गोष्ट घडली. सहापैकी दोघांची अडवलेली रक्कम त्यांच्या खात्यात परत आली. आम्हाला ते कळायचेही कारण नव्हते. पण दोघांनीही आपणहून १४४० रुपये आमच्या खात्यावर धाडले. पुण्याच्या त्या सौम्य आवाजाच्या बाईंनी सोबत निरोप पाठवला : “गेल्या वर्षीच्या डब्याचे. यंदा दोन डबे हवेत.”

सौ.ने तो निरोप भाच्याला वाचून दाखवला. पोरगा गप्प झाला, मग डोळे पुसून म्हणाला, “मामी, मी त्या रात्री दार उघडं टाकलं नसतं तर...”

“अरे, दार उघडंच असावं,” सौ. म्हणाली. “आल्यागेल्याला बसायला पाट असावा, पाणी असावं. फक्त कपाटाची किल्ली तेवढी आपल्या कमरेला असावी.”

युनिक्सच्या माहितीपुस्तकाला जे सांगायला कित्येक पाने लागली, ते तिने भाजणीचा झारा हलवता हलवता सांगून टाकले. मी मात्र उठून एकदा क्यूआरची खूण टिपून आलो. नाव आमचेच होते.